बाबांनी सोडलेली ओळ

आमच्या विभागात मला पाठीमागे ‘फौजदार’ म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची छाती होत नाही, पण पाठीमागे काय चालतं ते माहीत असणं हेच तर फौजदाराचं काम. मला त्या नावाचा राग नाही. संशय घेणं हीच माझी नोकरी आहे.

आम्ही बायबलच्या जुन्या ग्रीक हस्तलिखितांवर काम करतो. छपाई येण्याआधी शेकडो वर्षं हे सगळं माणसांनी हाताने उतरवून घेतलं. उतरवणारा कधी पेंगत असे, कधी घाईत असे, कधी भाविक असे. पेंगणारा आणि घाईतला चुका करतात, आणि त्या सापडतात. भाविक मात्र सुधारणा करतो. त्याला जे पाठ असतं ते तो पानावर आणून ठेवतो, आणि वर त्याला वाटतं आपण देवाची सेवा केली. माझी उमेदीची सगळी वर्षं या तिसऱ्या माणसाच्या मागावर गेली आहेत.

कामाची पद्धत सोपी आहे. प्रत्येक पानाचा मोठा फोटो दोन वाचक वेगवेगळे वाचतात. एकमेकांचं बघायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. दिसेल ते अक्षर लिहायचं. पुसट असेल, खात्री नसेल, तर अक्षराखाली टिंब द्यायचं. दिसतच नसेल तर जागा मोकळी सोडायची. मग दोन्ही वाचनं शेजारी ठेवून जिथे फरक असेल तिथे निकाल द्यायचा, तो मी. वाचनांवर नावं नसतात, म्हणजे मी माणूस बघून निकाल देऊ नये. कोणतं पान कुणाच्या वाट्याचं हे मला ठाऊक असतं, हा भाग वेगळा.

वाचनखोलीच्या दाराबाहेर लाकडी खुंट्या आहेत. आमचे सर, म्हणजे या कामाचे प्रमुख आणि एकेकाळचे माझे गुरू, नव्या माणसाला पहिल्या दिवशी तिथे उभं करून सांगतात, “कोट आणि श्रद्धा, दोन्ही इथे लटकवायची. संध्याकाळी जाताना आपापलं घेऊन जा.” सगळे हसतात. मी हसायचे नाही, कारण माझ्याकडे लटकवायला कोटाशिवाय काही नव्हतंच. पाळकाची मुलगी असून मी कॉलेजात पाऊल टाकलं आणि चर्चला रामराम ठोकला, हे मी ओळख करून देतानाच सांगून टाकायचे.

आणि मग आली नवी.

तिला येऊन दोन वर्षं झाली तरी माझ्यासाठी ती नवीच. गळ्यात बारीकसा क्रूस. रविवारी चर्चच्या गायनवृंदात गाते. विचारलं तर सांगते, न विचारलं तर सांगत नाही. लपवत असती तर मी तिला केव्हाच पकडलं असतं. जी लपवतच नाही तिला पकडायचं कसं, हा प्रश्न मला छळायचा. तिचं काम स्वच्छ होतं, आणि त्यानेच माझा संशय वाढायचा. इतकं स्वच्छ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

शिवाय तिचे ओठ. फोटोसमोर बसली की तिचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ, संथ, न थांबता. माझ्या घरी जन्मापासून प्रार्थना पाहिलेली आहे. प्रार्थनेचे ओठ मला शिकवू नयेत.

तिची नोकरी दोन वर्षांच्या कराराची होती. तिला कायम करायचं की नाही ते गुरुवारी समिती ठरवणार होती, आणि समितीत माझा शब्द शेवटचा, कारण तिचं काम तपासत होते मी. नाही झाली तर तिला परत चर्चच्या शाळेत, लहान मुलांना गोष्टी सांगायला जावं लागणार होतं. हे तिनेच एकदा चहा पिताना सांगितलं होतं. “वाईट नाही ते,” म्हणाली, “पण मग हे सुटेल.” आणि फोटोकडे असं पाहिलं की मला क्षणभर माझंच तरुणपण आठवलं. मी लगेच चहा संपवून उठले.

सोमवारी फरक सापडला.

पान होतं प्रार्थनेचं. शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्रातली ती प्रार्थना, जी चर्चमध्ये वाढलेल्या पोराला बोबडं बोलतानाच पाठ होते. तिच्या शेवटी देवाच्या स्तुतीची एक ओळ म्हणतात. पण सगळ्यात जुन्या प्रतींत ती ओळ नाही. नंतर कुणीतरी जोडली, असं आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. आमचं हस्तलिखित चांगलंच जुनं होतं. त्यात ती ओळ निघाली असती तर आम्हाला आमचे धडे बदलावे लागले असते, आणि चर्चवाल्यांना पेढे वाटावेसे वाटले असते.

एका वाचकाने प्रार्थना संपल्यावर जागा मोकळी सोडली होती. दुसऱ्याने ती ओळ लिहिली होती. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, एकही टिंब न देता.

मी फोटो उघडला. त्या जागी पानाला कधीतरी ओल लागली होती. तपकिरी डाग, डागात शाईच्या तुटक रेघा. मी फोटो मोठा केला, पुन्हा मोठा केला. क्षणभर मलाही डागात ओळ दिसल्यासारखी झाली. मग डोळे चोळून पाहिलं तर काही नाही. मी मनात म्हटलं, माझ्यासारखीची ही गत, तर त्या बाईची काय झाली असेल!

ते पान नवीच्या आणि भिंगकाकांच्या वाट्याचं होतं. भिंगकाका माझे जुने सहकारी, खिशात कायम भिंग, देवाचं नाव निघालं की यांना जांभई येते. गेल्या वर्षभरात त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला होता आणि त्यांचं काम अधूनमधून माझ्या गळ्यात पडत होतं, पण माणूस खणखणीत. ती ओळ भिंगकाका लिहितील हे अशक्य. मग उरलं कोण?

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला. दोन वर्षं मनात जी पाल चुकचुकत होती ती खरी निघाली होती. मी तडक सरांच्या खोलीत गेले.

“तुला खात्री आहे?” सरांनी विचारलं.

“सर, टिंबसुद्धा दिलेलं नाही. तिला शंकासुद्धा आली नाही. जिथे काहीच नाही तिथे तिला दिसलं.”

“ती काय म्हणते?”

“विचारलेलं नाही.”

“मग विचार की. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे.” सरांनी चष्मा काढून पुसला. “आणि हे बघ, ती मानते हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मानणं हा गुन्हा नाही.”

“गुन्हा नाही. पण नडतं,” मी म्हटलं.

मंगळवारी दुपारी वाचनखोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली आणि आडवळण न घेता विचारलं, “काम करताना तू प्रार्थना म्हणतेस का?”

“नाही मॅडम. सकाळी घरी म्हणते. इथे कशाला?”

“मग ओठ कसले हलतात तुझे?”

ती कानापर्यंत लाल झाली. मला वाटलं, सापडली.

“अक्षरं म्हणते,” ती म्हणाली. “उलटी.”

“म्हणजे?”

“म्हणजे पानाच्या शेवटून सुरुवात करते. शेवटची ओळ, तिचं शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्या आधीचं. सरळ वाचायला गेले ना मॅडम, तर पुढचं मला आधीच येतं. लहानपणापासून पाठ आहे सगळं. मग मी वाचत नाही, आठवत बसते. उलटं कुणाला पाठ असतं? उलटं वाचताना फक्त समोरचं अक्षर असतं. हसतील म्हणून कुणाला बोलले नव्हते.”

“म्हणजे तुला मान्य आहे,” मी म्हटलं, “तुझा विश्वास तुझ्या कामात येतो.”

“येतो की. म्हणून तर उलटं वाचते.” मग तिने अगदी साधेपणाने विचारलं, जसं एखादी बाई दुसरीला तिची भाजी चिरायची रीत विचारते, “तुम्ही काय करता?”

“मला काही करावं लागत नाही. मी मानत नाही.”

“हो, पण पाठ तर असेल ना?”

फौजदाराला प्रश्न विचारलेले आवडत नाहीत. मी ते पान उघडलं आणि म्हटलं, “वाच. आत्ता, माझ्यासमोर.”

ती तळापासून सुरू झाली. या हस्तलिखितात शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, अक्षरं सलग येतात, त्यामुळे उलटं म्हटलं की ती नुसती निरर्थक अक्षरं होतात. तिचं बोट संगणकाच्या पडद्यापासून थोडं दूर, उजवीकडून डावीकडे सरकत होतं. डागापाशी बोट थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं. “रेघा आहेत,” ती म्हणाली. “अक्षर नाही. मोकळं.” आणि बोट पुढे गेलं.

आता खरं तर मला उमगायला हवं होतं. पण मुरलेला संशय सहजासहजी हलत नाही. मला वाटलं, सरांनी हिला सावध केलं असणार. पढवून आली आहे. मी “बरं” म्हणून उठले, खुंटीवरचा कोट घेतला आणि घरी निघाले. वाटेत मात्र तिचा तो प्रश्न चपलेत खडा जावा तसा टोचत राहिला.

घरी बाबा आणि मी, दोघंच. आई गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. आयुष्यभर पाळक म्हणून शेकडो लोकांना ऐकवणाऱ्या माणसाला आता स्वतःलाच कमी ऐकू येतं, पण जीभ शाबूत आहे.

“फौजदारबाई आल्या का?” त्यांनी खुर्चीतूनच विचारलं. हे नाव त्यांना मीच सांगितलं, ही माझी चूक. “आज कुणाला आत टाकलं?”

“टाकायचीय. गुरुवारी.”

मी सूप गरम केलं, पाव कापला, टेबल मांडलं. बाबांनी डोळे मिटले आणि रोजच्यासारखी प्रार्थना म्हणायला लागले. ही आमच्या घरची जुनी रीत. मी बसते, ऐकते, चमच्याशी चाळा करते. मानणं न मानणं याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हाताऱ्या बापाबरोबर जेवायचं तर एवढं करावं लागतं. मी त्या वेळीही गुरुवारी काय बोलायचं त्याचाच विचार करत होते. टिंब नाही हा मुद्दा आधी, की डाग आधी?

प्रार्थना संपत आली आणि बाबा थांबले. रोज थांबतात तिथेच. शेवटची ओळ ते म्हणत नाहीत. ती माझ्या वाट्याची. मी बोबडी बोलत होते तेव्हापासून.

आणि माझ्या तोंडून ती ओळ बाहेर पडली. मन दुसरीकडे, हात चमच्यावर, आणि ओळ आपली आली, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही टिंब न देता.

बाबा “आमेन” म्हणून सूप प्यायला लागले. माझा घास तोंडापर्यंत गेलाच नाही.

“तिखट झालंय का?” बाबांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

बुधवारी सकाळी मी भिंगकाकांना फोन लावला. प्रार्थनेचं पान आठवतंय का, असं विचारलं.

“मला कसं आठवेल?” ते म्हणाले. “ती पानं आली तेव्हा मी डोळ्याला पट्टी बांधून पलंगावर पडलो होतो. तूच नाही का माझी सगळी चवड उचलून नेलीस? म्हणालीस, काका, एका आठवड्यात उरकते. उरकलीस पण. काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “विश्रांती घ्या.”

उरकलं होतं. तो शब्द माझाच. घाईत सरळ वाचत सुटले होते, आणि डागापाशी बाबा थांबावेत तसं पान थांबलं होतं. आणि पान थांबल्यावर मी माझं काम केलं होतं. मी आयुष्यभर ज्याच्या मागावर होते तो तिसरा माणूस माझ्याच खुर्चीत बसून होता, आणि मी त्याचा कोट खुंटीवर शोधत होते.

सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

“हे बघ, त्या पानाचा निकाल मोकळी जागा असा दे, आणि पोरीच्या कामाबद्दल चांगलं बोल. विषय संपला. कुणी वाचलं, हे समिती विचारणार नाही.”

“विचारलं तर?”

“कोण विचारणार? विचारणारी तर तूच.”

मला मोह झाला, हे सांगायलाच हवं. माझं नाव, माझा दरारा, तरुण मुलं माझ्या खुर्चीकडे बघून आवाज खाली करतात ते. सगळं शाबूत राहिलं असतं. आणि नवीला नोकरीही मिळाली असती. कुणाचंच बिघडत नव्हतं.

गुरुवारी समिती बसली. त्यात बाहेरच्या विद्यापीठातले एक सदस्य होते, ज्यांना आमच्या खोलीत देव शिरल्याचा वास सारखा यायचा. एरवी माझं त्यांच्याशी छान जमे. नवीला बाहेर बसवलं होतं. त्यांनीच सुरुवात केली. “या बाई भाविक आहेत असं कळतं. मग यांच्या वाचनावर भरवसा ठेवायचा कसा? तुम्हीच सांगा मॅडम, तुमच्यासारखं कडक कोण आहे?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे पाहिलं. नवी कायम होईलही, पण हा माणूस तिच्या प्रत्येक पानाकडे असाच बघत राहील, कारण हे बघणं मीच त्याला शिकवलं होतं. हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

“तिच्या वाचनावर भरवसा ठेवा,” मी म्हटलं. “ती स्वतःवर ठेवत नाही म्हणून.” मग मी उलट्या वाचनाचं सांगितलं. डागाचं पान दाखवलं. दोन्ही वाचनं दाखवली.

“बरोबर,” सदस्य म्हणाले, “आणि ही ओळ घुसडणारा हा दुसरा भाविक कोण?”

“मी.”

कुणी हसलं नाही. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही प्रार्थना करता?”

“प्रार्थना माझे वडील करतात. मी फक्त शेवटची ओळ म्हणते.”

माझा आवाज कापला. फौजदाराचा आवाज कापलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता, मीही नव्हता. पुढचं सगळं लवकर झालं. नवी कायम झाली. मी वाचलेली सगळी पानं पुन्हा वाचायची, आणि तोवर निकाल देण्याचं काम माझ्याकडे ठेवायचं नाही, असं ठरलं. ते ठरावात घालायला मीच सांगितलं.

बाहेर खुंट्यांपाशी नवी उभी होती. तिला सगळं कळलं होतं. अशा बातम्या भिंतीतून जातात.

“मॅडम, तुमची पानं माझ्याकडे आलीत,” ती म्हणाली. “मी नीट वाचीन.”

“नीट नको,” मी म्हटलं. “संशय घेऊन वाच.”

संध्याकाळी टेबल मांडलं. बाबांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली आणि त्या जागी थांबले. मी बोलले नाही. तोंड घट्ट मिटून बसले. सूप निवत चाललं. बाबांनी एक डोळा उघडला.

“विसरलीस?”

“बाबा, ही ओळ मुळात नाही,” मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हटलं. “नंतर कुणीतरी जोडली आहे.”

“ओरडू नकोस. मला माहीत आहे. पाळक झालो म्हणजे काय शाळेत गेलो नव्हतो?”

“मग मला का म्हणायला लावली? मला कायम वाटायचं, मी सुटू नये म्हणून तुम्ही मुद्दाम थांबता.”

बाबांनी दुसराही डोळा उघडला. “मुद्दामच थांबतो. आधीच्यांचं मी म्हणतो. नंतरच्यांनी जोडलेलं नंतरच्यांनी म्हणावं. माझ्या नंतरची तूच आहेस, दुसरं कोण आहे?” त्यांनी पाव हातात घेतला आणि परत ठेवला. “तू मानतेस का, असं मी तुला कधी विचारलंय?”

मी आठवून पाहिलं. उत्तर तर मी कॉलेजापासून तयार ठेवलं होतं, धारदार, एकही पळवाट न सोडणारं. त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं.

“मग. म्हणायची तर म्हण, नाहीतर तुमच्याकडे सोडतात तशी मोकळी सोड. मी आपला थांबणार.” आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

मी ती म्हटली. हळू, एकेक शब्द सुटा करून, प्रत्येक शब्दाखाली टिंब देत. बाबांनी शेवटपर्यंत वाट पाहिली, मग “आमेन” म्हटलं आणि मीठ मागितलं.